माझ्या गाडीचा गार्ड

गंगाधर साळवे नावाच्या निवृत्त रेल्वे गार्डाने मला फसवलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं, दर रविवारी, माझ्याच दारात, माझ्याच बायकोच्या हातचे पोहे खात फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे या माणसाबद्दल चार बऱ्या गोष्टी माझ्या हातून लिहिल्या जाण्याचा धोका आहे, आणि त्या वाचून कोणी विरघळू नये.

मला फसवणं सोपं नाही. माझा धंदा बारदानाचा, म्हणजे गोणपाटाचा. कांदा, मका, सोयाबीन, जे काही पोत्यात भरलं जातं त्याचं पोतं माझ्याकडून जातं. नाशिकमध्ये द्वारकेला माझं गोडाऊन आहे. सुरुवात केली तेव्हा निफाडच्या बाजारात फाटकी पोती विकत घ्यायचो, आई सुतळीने शिवायची आणि मी तीच पुन्हा विकायचो. आजही पोतं हातात घेतलं की आधी त्यात काय भरलं होतं, ते डोळे मिटून सांगतो. भलेभले व्यापारी माझ्याशी भाव करायला बसण्याआधी पाणी पिऊन घेतात. अशा माणसाला एका म्हाताऱ्याने गुंडाळलं.

नव्वदच्या दशकात औरंगाबाद नाक्यापासून आत आमची रो-हाऊसची कॉलनी नवीनच झाली होती. आमची गल्ली शेवटची, पुढे बंद, टोकाला गाडी वळवण्यापुरती मोकळी जागा. शेजारचं घर साळवे गार्डांनी घेतलं. मनमाडला उभी नोकरी झालेली. बायको तिथल्या क्वार्टरमध्येच वारली, मूलबाळ नाही. सामानात एक पलंग, दोन ट्रंका, आणि एक हातदिवा, तोच तो, ज्याची काच फिरवली की तांबडा किंवा हिरवा उजेड पडतो.

ते राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली, तर हा माणूस फाटकात उभा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडात शिट्टी आणि हातात गुंडाळलेला झेंडा.

"कुठून कुठे?" त्यांनी विचारलं.

"घरून द्वारकेला. का?"

"मधे थांबा?"

"चहाला थांबेन. तुम्हाला काय करायचंय?"

त्यांनी शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा उलगडून दाखवला आणि म्हणाले, "ऑल राइट. जा, ड्रायव्हर."

त्या दिवसापासून मी ड्रायव्हर झालो. माझी बायको सुमन स्टेशन मास्तर झाली. दूधवाला अप पॅसेंजर. सोसायटीचे चेअरमन कुठलंही काम पुढे सरकू देत नसत, म्हणून त्यांचं नाव मालगाडी. गार्डसाहेब जेवायला बसले की 'लोडिंग चालू आहे' म्हणायचे, आणि कोणी गप्पांत फार पाल्हाळ लावला की 'आउटर सिग्नलला किती वेळ उभं करणार?' असं तोंडावर विचारायचे. झेंडा मात्र रोज. मोतीबिंदूमुळे त्यांना धड दिसत नव्हतं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "गार्ड कानाने चालतो." त्यामुळे कधी कधी पावाच्या टेम्पोलाही झेंडा मिळायचा. टेम्पोवाला बिचारा सलाम ठोकून जायचा.

माझी गाडी पांढरी, छोटी, जुनी. एका डॉक्टरांकडून घेतली होती. सकाळपासून भाव केला. शेवटी त्यांना दवाखान्यात पेशंट खोळंबले म्हणून मी जिंकलो. वर्षभर गाडी गुणी वागली आणि मग ब्रेक दाबला की 'कर्रर्र' असा आवाज येऊ लागला. पाट्यावर लोखंडी पत्रा घासावा तसा. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच असा आकडा सांगितला की मी त्याला त्याच्याच दुकानातून बाहेर जायला सांगितलं.

संध्याकाळी कुंपणावरून आवाज आला. "ड्रायव्हर, ब्रेक बोलतायत. काय म्हणतायत ऐकलंस का?"

"काय म्हणतायत?"

"मेलो म्हणतायत. रविवारी उघडू."

रविवारी ते हातोडी घेऊन आले. लांब दांड्याची, छोट्या डोक्याची. आधी चारही चाकांवर टणाटण मारून कान लावला. रेल्वेत डब्यांची चाकं अशीच वाजवून बघतात म्हणे. माझ्या चाकांना रबरी टायर आहेत आणि त्यातून 'भद्द' याखेरीज काही निघत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"गप. बोलू दे त्याला," ते म्हणाले. मला की चाकाला, कळलं नाही.

मग मागच्या चाकांना विटा लावल्या. नट आधी जमिनीवरच ढिले केले, मग पुढून जॅक चढवला, खाली एक भक्कम लाकडी ठोकळा सरकवला. "जॅकवर विश्वास ठेवून गाडीखाली हात घालणाऱ्याला दोन हात नको असतात," हे वाक्य त्यांनी प्रत्येक रविवारी म्हटलं. चाक निघालं. आत लोखंडाची चकचकीत तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा आणि चिमट्यात पॅड. त्यांनी पॅडवरून बोट फिरवलं आणि माझं बोट धरून माझ्याकडून फिरवून घेतलं.

"यातलं मांस संपलं. हाडावर हाड घासतंय."

मी द्वारकेला जाऊन नवे पॅड घेतले. दुकानदाराशी इतका वाद घातला की त्याने पॅडबरोबर कापडाचा तुकडाही दिला. नवे पॅड जाड, म्हणून चिमट्यातला दट्ट्या मागे ढकलावा लागतो. त्यासाठी काही मिळेना, तेव्हा गार्डसाहेब सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि लाटणं घेऊन आले.

"काका, ते पोळ्यांचं आहे!" सुमन मागे धावली.

"मास्तर, गाडी महत्त्वाची की पोळी?"

"पोळी!"

"मग परत मिळेल. पुसून."

लाटण्याच्या टोकाने दट्ट्या मागे गेला. चाक बसलं. सुमनला ड्रायव्हरच्या जागी बसवून "दाबा, सोडा, दाबा, सोडा" असं पेडल घट्ट होईपर्यंत दाबायला लावलं. नवे पॅड घालून असाच गाडीत बसून निघालो असतो तर पहिला ब्रेक लागलाच नसता, हे मला तेव्हा कळलं. कर्रर्र बंद झाली. इथपर्यंत सगळा प्रामाणिक व्यवहार आहे, हे मान्य करतो. लाटणं मात्र सुमनने बदललं.

ट्रायलसाठी त्याच दुपारी मी निफाडला निघालो. तिथे एका कांदा व्यापाऱ्याकडे जायचंच होतं. गार्डसाहेबही निघाले. पुढचं दार उघडून दिलं तर बसेनात.

"गार्ड पुढे बसत नाही."

ते मागच्या सीटवर बसले. तेही तोंड मागे करून, गुडघे टेकवून, मागच्या काचेतून रस्ता बघत. दिसत काय होतं देव जाणे. मी त्या काळी बरी चालवायचो गाडी. एसटीच्या मागे धूर खात बसणं मला जमत नाही. समोरून ट्रक येत असला तरी माझा अंदाज पक्का असतो. त्या दिवशी एका ट्रकवाल्याने लाइट मारला, तेव्हा मी गाडी त्याच्या पुढे नेऊन आडवी लावली आणि खाली उतरून त्याला त्याच्या सात पिढ्यांची माहिती दिली. एक उसाची बैलगाडी निसटती चुकवली. चूक बैलांची होती.

परत आलो तेव्हा गार्डसाहेब उतरले आणि फाटक धरून थोडा वेळ उभे राहिले. शर्टाची इस्त्री गेली होती.

"गाडीचे ब्रेक पास," ते म्हणाले. "ड्रायव्हर नापास."

मग सुमनकडे वळून विचारलं, "मास्तर, हा रोज असाच जातो?"

"काका, मी त्यांच्याबरोबर बसणं केव्हाच सोडलं," सुमन म्हणाली. "घरी येतात तेव्हा आले म्हणायचं."

ते हातोडी उचलून घरी गेले.

पुढच्या रविवारी न बोलावताच आले. नवे पॅड आठवड्याने उघडून बघावे लागतात म्हणाले. उघडले, बघितले, बंद केले, पोहे खाल्ले. आणि सोमवारी सकाळी गाडी गल्लीबाहेर काढतो तो उजव्या पुढच्या चाकातून 'खर्रर्र'. आधीचा आवाज ब्रेक दाबल्यावर यायचा, हा सारखाच. वेग वाढेल तसा वाढायचा. चाळीसपर्यंत सोसवायचा. त्याच्या वर गेलं की दातात खडा आल्यासारखं वाटायचं आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

गार्डसाहेबांनी गाडीबरोबर चालत, बॉनेटला कान लावून निदान केलं. "गुंतागुंत आहे. कारण सापडेपर्यंत कॉशन ऑर्डर."

कॉशन ऑर्डर म्हणजे काय, तर रूळ कुठे कच्चा असला की रेल्वेवाले ड्रायव्हरला हुकूम देतात, एवढ्या टप्प्यात अमुक वेगाच्या वर जायचं नाही. माझा टप्पा होता सगळा नाशिक जिल्हा. वेग चाळीस. आणि दुसरा हुकूम: रिव्हर्स घ्यायची नाही.

"का?"

"गाडी मागे ढकलायची तर गार्डच्या परवानगीने. नियम आहे."

"अहो, पण ही मोटार आहे!"

"नवे पॅड उलटे घासतात. नोंद घे."

आमच्या गल्लीच्या टोकाला वळायला जागा होती म्हणून निभावलं. पण पुढे जे माझे हाल झाले ते झाले. दर रविवारी चाक उघडायचं, गार्डसाहेबांनी आत डोकं घालायचं, कधी तबकडीला दोष द्यायचा, कधी बेअरिंगला, कधी गोदावरीच्या दमट हवेला. पॉलिश पेपरने पॅड घासायचे, धूळ फुंकायची, मला 'चहा बघ' म्हणून आत पिटाळायचं. मी चहा घेऊन येईपर्यंत चाक बसलेलं असायचं. आवाज जैसे थे.

मधूनच गंमत व्हायची. एखाद्या बाजारात अडकलो आणि नाइलाजाने गाडी मागे घ्यावी लागली की आवाज गायब! दोन दिवस, चार दिवस, एकदम शांत. आणि रविवारी तपासणी झाली की सोमवारी पुन्हा खर्रर्र. मी त्यांना हे सांगितलं तर चेहरा गंभीर करून म्हणाले, "रिव्हर्सने आजार दबतो. बरा होत नाही." मला पटलं. पोत्याचा वास घेऊन त्यातला माल सांगणारा मी, मला हे पटलं!

निफाडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर मला मागे टाकून जाऊ लागले. द्राक्षाच्या क्रेट लादलेल्या टेम्पोतली पोरं टाळ्या वाजवून माझा उत्साह वाढवायची. धंद्यातला माझा वैरी, मोती नावाचा बारदानवाला, एकदा माझ्या शेजारी गाडी आणून काच खाली करत म्हणाला, "शेठ, ढकलू का?" त्याच दिवशी एका मोठ्या व्यापाऱ्याकडचा माल ठरायचा होता. मी पोचलो तेव्हा मोती तिथे उसाचा रस पिऊन बसला होता आणि सौदा झाला होता. हे नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचं, हा प्रश्न तेव्हापासून उघडा आहे.

गॅरेजमध्ये का नाही गेलात, असं कोणीही विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. घरी फुकट होणाऱ्या कामाला पैसे मोजणं माझ्या रक्तात नाही. शिवाय बाजारात मी सांगून बसलो होतो की ब्रेकचं काम मी आता स्वतः घरी करतो, हे गॅरेजवाले चोर आहेत.

गार्डसाहेबांच्या चिकटपणाचा एक नमुना सांगतो. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर एक बल्ब लागलेला असायचा. मी खरखरत गल्लीत शिरलो की बल्ब लगेच बंद. रोज. मी सुमनला म्हणायचो, "बघ, माझ्या हेडलाइटच्या उजेडात कडी लावून घेतो आणि आपली वीज वाचवतो. म्हाताऱ्याकडून शिक काहीतरी." मला त्याबद्दल आदरच होता.

आणि मग काही वर्षांनी एक दिवस गाडी पंक्चर झाली.

गोडाऊनजवळच, द्वारकेला. उजवं पुढचं चाक. समोरच अन्वरभाईचं पंक्चरचं आणि बारीकसारीक कामाचं दुकान. बराच जुना माणूस. मी दोन पोत्यांच्या पैशांवरून एका देणेकऱ्याशी फोनवर भांडत उभा होतो. त्याने चाक काढलं, आत वाकून बघितलं आणि हाक मारली.

"शेठ, ये क्या पाल के रखा है?"

"काय झालं?"

तबकडीच्या मागे धूळ अडवायला एक पातळ पत्रा असतो. अन्वरभाईने स्क्रूड्रायव्हरने तो जरा उचकटला आणि एक काळा, चपटा खडा माझ्या हातावर ठेवला. नखाएवढा. घासून घासून एका बाजूने आरशासारखा झालेला.

"हा वाजत होता. असा खडा येतो कधी कधी रस्त्यावरून. गाडी रिव्हर्स घेतली की पडून जातो."

"रिव्हर्स घेतली की?"

"हां. पण हा आपोआप आलेला नाही, शेठ. पत्रा बघा, हळूच वाकवून जागा केलीय. ब्रेकला कुठे लागणार नाही, काही बिघडणार नाही, फक्त वाजेल, असा. किसीने बड़े प्यार से बिठाया है."

माझ्या डोक्यात एकेक रविवार उलटा फिरला. चहा बघ. रिव्हर्स नको. दमट हवा. मोतीने विचारलेलं 'ढकलू का'. अन्वरभाई पंक्चरचे पैसे मागत होता. मी भाव न करता दिले, यावरून माझी अवस्था ओळखा. त्यालाही काळजी वाटली. "शेठ, तब्येत बरी आहे ना?" म्हणाला.

गाडी निघाली ती अशी की जणू शोरूममधून आत्ताच काढली. पंक्चरमुळे नेहमीपेक्षा उशीर झाला होता, दिवेलागण झाली होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. नाक्यावरून वळलो तेव्हा तिथे काहीतरी गोंधळ होता, रिक्षावाले कोणावर तरी ओरडत होते. मी बघितलंही नाही. गल्लीत शिरलो, गाडी लावली, खडा मुठीत घेऊन थेट शेजारचं फाटक उघडलं.

ओट्यावर बल्ब लागलेला. दाराला बाहेरून कडी.

"काका?" सुमन आमच्या दारातून म्हणाली. "मघापासून तीनदा विचारून गेले, ड्रायव्हर आला का म्हणून. मग दिवा घेऊन नाक्याकडे गेले. आणि तुम्ही कधी आलात? आवाज नाही आला."

मी चालतच नाक्यावर गेलो.

गोंधळाचं मूळ तेच होतं. गार्डसाहेब रस्त्याच्या कडेला, जवळजवळ रस्त्यातच, हातदिव्याची तांबडी काच धरून उभे होते आणि द्वारकेकडून येणाऱ्या गाड्या थांबवत होते. प्रत्येक गाडीकडे आधी कान करायचे, मग मान हलवून तिला सोडायचे. अंगात बनियन. या माणसाला इस्त्रीच्या शर्टाशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं.

"एक गाडी येणार होती," ते एका रिक्षावाल्याला सांगत होते. "पांढरी. खरखर वाजते. दिसली का रस्त्यात?"

"काका, या रोडला सगळ्याच खरखर वाजत्यात. बाजूला व्हा, मरशाल!"

"गार्डसाहेब!" मी ओरडलो.

ते वळले. "ड्रायव्हर? गाडी कुठाय?"

"घरी."

"कधी आली?"

"आत्ता. तुमच्या नाकासमोरून."

"मला ऐकू नाही आली," ते म्हणाले. एवढंच. पण ते वाक्य त्यांनी स्वतःलाच दोनदा सांगितलं.

मी मूठ उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांना दिसलं नसावं. मी खडा त्यांच्या तळव्यावर आपटला. त्यांनी बोटांनी चाचपला, गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला.

"पडला कुठे?"

"पडला नाही. काढला. अन्वरभाईने."

"पत्रा सरळ नाही ना केला त्याने?"

यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिक्षावाले ऐकायला थांबले. मी सौद्याचं बोललो, मोतीचं बोललो, ट्रॅक्टरचं बोललो, पोह्यांचंही काढलं. लाज वाटत नाही का, असं विचारलं. माझा दम संपेपर्यंत ते दिव्याची काच उगाच पुसत राहिले.

"झालं?" ते म्हणाले. "मनमाडला धुकं पडलं की सिग्नल दिसत नाही. मग रुळावर फटाका बांधतात. इंजिन वरून गेलं की धडाम होतं, ड्रायव्हर सावध होतो. तुला तोंडाने सांगून काय उपयोग होता? तू काय ऐकणारा माणूस आहेस? म्हणून बांधला."

"इतकी वर्षं?"

"पहिल्यांदा तेवढ्यासाठीच बांधला होता. मग सवय लागली. आवाज गल्लीत शिरला की कळतं, गाडी पूर्ण आली. शेवटच्या डब्यासकट. मग दिवा मालवायचा आणि आत जायचं. आज आवाजच आला नाही. मग आत कसं जायचं?"

एक रिक्षावाला म्हणाला, "शेठ, घेऊन जा ना त्यांना घरी." मी त्याला तुझं काम बघ म्हटलं.

परत येताना गार्डसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. अंधारात त्यांना खड्डे दिसत नव्हते. दुसऱ्या हातात दिवा. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी त्याची काच फिरवून हिरवी केली. घरी गेले. बल्ब बंद झाला.

रविवारी ते आले नाहीत. म्हणजे आले, पण कुंपणापर्यंतच. हातोडी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून पलीकडे उभे. सुमनने पोहे केले होते आणि माझ्याकडे बघतही नव्हती.

"काय, ब्रेक बघायचे नाहीत का?" मी ओरडलो.

"बघू म्हणतोस?"

"मला काय विचारता? गार्ड कोण आहे इथे?"

त्यांनी विटा लावल्या, नट ढिले केले, ठोकळा सरकवला, जॅक आणि दोन हातांचं ते वाक्य म्हटलं. मी पेपर उघडून पाठ करून बसलो. आत काय चाललंय ते बघितलं नाही. चहा बघायला मला कोणी सांगितलं नाही, मीच उठून गेलो, आणि सावकाश आलो.

सोमवारी सकाळी खर्रर्र.

भाव करताना एक वेळ अशी येते की समोरच्याला आता नफाही नको असतो, आपण उठून जाऊ नये एवढंच हवं असतं. ते मला बरोबर कळतं आणि नेमका तिथेच मी भाव पाडतो. माझा सगळा धंदा त्यावर उभा आहे. त्या सोमवारी नाही पाडला. का, ते मला विचारू नका. चाळीसने द्वारकेला गेलो.

असं बरीच वर्षं चाललं. मग दुसऱ्या डोळ्यानेही दगा दिला. फाटकापर्यंत यायलाही भिंत धरावी लागू लागली. मनमाडचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना ते पुतण्याच्या जीपमध्ये मागे बसले, तोंड मागे करून. मी फाटकात उभा होतो. त्यांचा झेंडा माझ्याकडे राहिला होता, तो दाखवायला हवा होता की काय, मला समजेना. त्यांना दिसलाही नसता. शिट्टी मला वाजवता येत नाही.

ती गाडी मी पुढे विकली. विकण्याआधी खडा काढला, मी काही वेडा नाही. घेणारा चक्कर मारून आला आणि म्हणाला, "शेठ, ब्रेक एकदम मख्खन!" आता माझ्याकडे नवी गाडी आहे. तिचा कसलाच आवाज येत नाही. काच बंद केली की बाहेरचं जगही ऐकू येत नाही. शेजारच्या घराला कुलूप आहे. मी संध्याकाळी येतो, गाडी लावतो, आणि सुमन आतून विचारते, "कधी आलात?"

तर गार्डसाहेब, हा हिशेब अजून मिटलेला नाही. तुम्ही मला फसवलंत. माझा सौदा घालवलात, मोतीला माझ्यावर हसवलंत, घरातलं लाटणं बाटवलंत. वर माझी सवय बिघडवून परवानगी न घेता मनमाडला निघून गेलात. खडा माझ्या गल्ल्यात ठेवलेला आहे. नव्या गाडीलाही पुढे तबकडी आहे, तबकडीमागे पत्रा आहे, मी वाकून बघितलंय. डोळ्यांची सबब चालणार नाही, गार्ड कानाने चालतो असं तुम्हीच सांगत होता. एका रविवारी पुतण्याला घेऊन इथे या, माझ्या ओट्यावर समोर बसा आणि मला जाब द्या: माझी गाडी पूर्ण आली की नाही, हे आता कोणी बघायचं?